शिडीताईचा पारा

रक्तदाबमापक हे माझं कागदावरचं नाव. त्या नावानं मला कुणी हाक मारत नाही, मित्रांनो. सगळे बीपीचं यंत्र म्हणतात, आणि अलीकडे तर 'ते जुनं पाऱ्याचं' एवढ्यावरच भागवतात. त्याची माझी तक्रार नाही. मी बोलायला बसलो आहे ते वेगळ्याच कारणानं. माझ्या आयुष्यात एक गोष्ट घडली आणि ती मला अर्धीच कळली. तुम्हाला सांगता सांगता उरलेली अर्धी कळेल, अशी आशा आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या काचेच्या नळीत पारा भरणारी बाई जाड भिंगांचा चष्मा लावायची आणि भरताना स्वतःचा श्वास रोखून धरायची. पाऱ्याचा एक थेंब जरी निसटला तरी तो टेबलभर पळतो आणि हाती लागत नाही. नळीच्या बाजूला शून्यापासून तीनशेपर्यंत बारीक रेघा होत्या. शेवटी तिनं मला एका मोठ्या यंत्राला जोडून पाहिलं. त्याचा शंभर, तर माझाही शंभर. त्याचा दोनशे, तर माझाही दोनशे.

"सरळ आहे," ती म्हणाली आणि माझं झाकण लावलं.

माझ्याविषयी कुणी काढलेले ते पहिले शब्द. मी जन्मभर सरळच राहिलो. तरी माझ्यावर खोटेपणाचा आळ आला, तो कसा ते ऐका.

माझं काम तसं सोपं आहे. दंडाला माझा पट्टा गुंडाळायचा. रबरी फुगा दाबून पट्ट्यात हवा भरायची. पट्टा आवळतो, दंडातली रक्ताची वाट बंद होते आणि माझा पारा वर जातो. मग हवा हळूहळू सोडायची. पारा उतरू लागतो. कोपराच्या खळगीवर स्टेथोस्कोप ठेवलेला असतो. रक्त पुन्हा वाहू लागलं की त्यातून ठोका ऐकू येतो, टक. त्या क्षणी पारा जिथे असेल तो वरचा आकडा. ठोके ऐकू यायचे थांबले की खालचा. ठोके मला ऐकू येत नाहीत, ते कान लावणाऱ्याला येतात. मी फक्त पारा दाखवतो.

मला नेमलं ते एका अग्निशमन केंद्रावर. खाली बंब उभे असायचे आणि वर, जिन्याला लागून, तपासणीची खोली होती. लोखंडी खाट, वजनाचा काटा, अंगणाकडे उघडणारी खिडकी आणि खिडकीपाशी मी. खोलीचा सगळा कारभार सिस्टरांकडे होता. त्यांची जीभ तिखट होती, पण हात लोण्यासारखा. दर सहा महिन्यांनी सगळ्या बंबवाल्यांची तपासणी व्हायची. आगीत उडी घेणारी ती दांडगी माणसं सुई दिसली की खिडकीबाहेर बघायची. माझ्याकडे मात्र कुतूहलानं बघायची. "सिस्टर, पारा चढला की माणूस चिडका असतो का हो?" असं एकानं विचारलं, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "तसं असतं तर तुझ्या बायकोनं नळी फोडली असती."

त्या केंद्रावर एक बाई होती. लांब शिडीच्या गाडीवर ती चढणारी. सगळे तिला शिडीताई म्हणायचे, केंद्राचे साहेबसुद्धा. उंच, सडपातळ, वेणी गुंडाळून हेल्मेटखाली घातलेली. शिडी ऐंशी फूट वर जायची, टोकाला वाऱ्यानं डुलायची, आणि ही त्यावर घरचा जिना चढावा तशी चढायची. माझ्यासमोर बसली की तिचा आकडा ठरलेला. वरचा एकशे सोळा, खालचा चौऱ्याहत्तर. नाडी चौसष्ट. "हिच्या अंगात रक्त आहे की फ्रिजमधलं पाणी?" सिस्टर दर वेळी म्हणायच्या. मला ती आली की बरं वाटायचं. सरळ माणसाला सरळ आकडा.

मग एक वर्ष असं आलं, की दोन तपासण्यांच्या मधल्या काळात केंद्रावर एक वाईट दिवस येऊन गेला. त्या दिवसाविषयी मी पुढे सांगणार आहे. त्याचा आणि यापुढच्या गोष्टीचा काही संबंध असेल, असं तेव्हा ना मला वाटलं, ना दुसऱ्या कुणाला.

त्यानंतरच्या तपासणीला शिडीताई आली आणि बाही वर करून बसली.

"लवकर आटपा हं सिस्टर, गाडी धुवायची राहिली आहे."

सिस्टरांनी पट्टा बांधला, फुगा दाबला. माझा पारा चढला. हवा सोडली आणि मला वाटलं, नेहमीसारखा एकशे सोळावर ठोका लागेल. सिस्टरांची भुवई त्याच्या कितीतरी आधी वर गेली. एकशे बहात्तर!

त्यांनी कानातून स्टेथोस्कोप काढला. "काय गं, जिना पळत चढलीस?"

"नाही. चालत आले."

"कुणाशी भांडून आलीस?"

"सकाळपासून भांडायला कुणी भेटलंच नाही."

"मग घाबरलीस कशाला?"

शिडीताई हसली. "मी? आणि घाबरू? तुमच्या या डब्याला?"

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. पण नाडी एकशे बारा होती, आणि पट्ट्याखालचा तिचा दंड घामानं ओला झाला होता. सिस्टरांनी पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. एकशे शहात्तर. तोंड एक सांगत होतं आणि दंड दुसरंच. मी पुरता बुचकळ्यात पडलो.

त्या वेळचे डॉक्टर वयस्कर होते आणि आठवड्यातून एकदा येत. त्यांनी कागद पाहिला. "चाळिशी जवळ आली की असं होतं," म्हणाले आणि गोळी लिहून दिली. केंद्राचा नियम होता, की वरचा आकडा एकशे साठच्या पुढे असेल तर शिडीवर चढायचं नाही. महिनाभर गोळी घेऊन ती आली. आकडा एकशे अठ्ठावन्न. डॉक्टर म्हणाले, "उतरतोय. गोळी वाढवू. सरावाला जायला हरकत नाही."

त्या सरावाच्या दिवशी मी खिडकीतून सगळं पाहिलं. शिडी अंगणात उभी होती. शिडीताई निम्म्यावर गेली आणि थांबली. ती कधी थांबत नसे. मग तिचं डोकं पुढे झुकलं, एक हात सुटला आणि ती कमरेच्या पट्ट्याच्या हुकावर लोंबकळली. खालून आरडाओरडा झाला. दोघं वर चढले आणि तिला धरून उतरवलं. खोलीत आणून खाटेवर निजवलं, तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"डोळ्यांपुढे अंधारी आली," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच शिडीवरून तिला कुणीतरी उतरवून आणलं होतं, आणि तिला त्याचीच लाज वाटत होती.

साहेबांनी तिला फोनच्या खोलीत बसवलं. लोकांचे फोन घ्यायचे, पत्ता लिहायचा आणि घंटा वाजवायची. "तीन महिने बघू," साहेब म्हणाले. "आकडा जागेवर आला नाही, तर ताई, कायमचं टेबल."

चार दिवसांनी ती सिस्टरांकडे आली आणि एक वही समोर ठेवली.

"सासूबाईंचं बॅटरीवरचं यंत्र आहे घरी. त्यावर सकाळ-संध्याकाळ मोजलं. बघा."

सिस्टरांनी वाचलं. अठ्ठ्याण्णव, एकशे दोन, शंभर.

"सासूबाई म्हणतात, अगं, तुझं माझ्यापेक्षा झकास आहे, गोळ्या कसल्या घेतेस?"

सिस्टरांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर मी विसरलो नाही. "म्हणजे हेच खोटं बोलतंय तर," त्या म्हणाल्या.

मला यंत्रं दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवलं. त्याच्या दुकानात छतापर्यंत उघडी पोटं घेऊन पडलेली यंत्रं होती. त्यानं माझी नळी पुसली, रबर बदललं, दुसऱ्या पक्क्या यंत्राला जोडून पाच वेळा तपासलं. मग स्वतःचं बीपी मोजलं, दुकानाच्या मालकिणीचं मोजलं. आणि सिस्टर न्यायला आल्या तेव्हा एवढंच म्हणाला, "हे बरोबर आहे. माणूस बघा."

माणूस बघा! मी तर तेच करत होतो. पण कुणाला पटलं नाही. केंद्रानं एक नवं, आकडे चमकणारं यंत्र आणलं आणि मी कपाटाच्या माथ्यावर गेलो. तिथे धूळ होती, एक फाटलेली छत्री होती आणि वेळच वेळ होता. शिडीताईचा आकडा नव्या यंत्रावर त्याच खोलीत एकशे बावन्न आला. घरी शंभर, नव्यावर एकशे बावन्न आणि माझ्यावर पावणेदोनशे. बाई एक आणि आकडे तीन. मी कपाटावर पडल्यापडल्या विचार करायचो, की खरा कुठला? खरा म्हणजे तरी काय?

महिन्याभरानं वयस्कर डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक नव्या डॉक्टर आल्या. बोलायला हळू. त्यांनी शिडीताईचे सगळे कागद आणि सासूबाईंची वही शेजारी शेजारी मांडली आणि एकेक आकडा ताडून पाहिला.

"काय झालंय मला?" शिडीताईनं विचारलं.

"मला कळत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या.

मी कपाटावरून कान टवकारले. डॉक्टरांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्यासारखंच कुणीतरी गोंधळलेलं आहे, याचा मला केवढा आधार वाटला म्हणून सांगू!

"पण त्या गोळीनं तुम्हाला चक्कर आली, एवढं नक्की," त्या पुढे म्हणाल्या. "तुमचं घरचं प्रेशर मुळात ठीक होतं. गोळीनं ते नको इतकं उतरलं. गोळी मी बंद करते, आणि लक्ष ठेवते. मला तुमचं प्रेशर कामावर मोजायचं आहे. शिडीपाशी."

"गोळ्या नसताना?" साहेब दारातून म्हणाले.

"दोन आठवडे घरचे आकडे बघू. मग कमरेला दोन पट्टे लावून, दोघं सोबत देऊन, एकदाच. जबाबदारी माझी."

दोन आठवडे घरचा आकडा एकशे अठराच्या पुढे गेला नाही. शिडीपाशी मोजायच्या दिवशी नेमकी नव्या यंत्राची बॅटरी बसली होती, म्हणून सिस्टरांनी मला कपाटावरून काढलं, धूळ झटकली आणि अंगणात, शिडीच्या गाडीशेजारी टेबलावर मांडलं. शिडीताई वर गेली. टोकापर्यंत गेली, तिथे मिनिटभर उभी राहिली आणि उतरली. उतरल्यावर तिचा चेहरा उजळला होता. पाच मिनिटं तिला बसवून सिस्टरांनी पट्टा बांधला. ऊन माझ्या काचेवर थेट पडत होतं आणि आकडे दिसेनात, म्हणून त्यांनी मला स्वतःकडे वळवलं. शिडीताईकडे माझी पाठ झाली.

"एकशे अठ्ठावीस," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा विश्वासच बसेना. "पुन्हा बघते."

एवढ्यात ऊन ढगाआड गेलं. सिस्टरांनी मला पुन्हा सरळ केलं. आता माझी नळी शिडीताईच्या समोर होती.

"एकशे सहासष्ट."

डॉक्टर खुर्चीतून उठल्या. "थांबा. आत्ता काय बदललं? ताई, तुम्ही हललात? बोललात?"

"छे. नुसती बसले आहे."

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हात लांब करून मला हळूच वळवलं. माझी पाठ शिडीताईकडे. मोजलं, एकशे चौतीस. मला फिरवलं, माझं तोंड शिडीताईकडे. मोजलं, एकशे साठ.

मित्रांनो, सिस्टरांनी ते चारही आकडे कागदावर उतरवले. मला मात्र गरगरायला लागलं. इतकी वर्षं मी समजत होतो, की मी बाजूला उभा राहून मोजतो. आणि इथे तो आकडा माझ्याचकडे बघून चढत होता. मी मोजत होतो की घडवत होतो?

"ताई," डॉक्टरांनी विचारलं, "या नळीकडे बघताना काय आठवतं?"

"काहीच नाही," शिडीताई म्हणाली. खरंच तिला काही आठवत नव्हतं. पण तिचा श्वास आखूड झाला होता आणि खांदे वरखाली होत होते.

सिस्टरांनी रबरी फुगा खाली ठेवला. त्यांचा आवाज बदलला होता. "मला आठवतं," त्या म्हणाल्या. "दादा."

आता तो वाईट दिवस सांगतो. शिडीच्या गाडीवर दोघांची जोडी असायची. चढणारी शिडीताई आणि बुडाशी उभा राहून शिडी सांभाळणारा, तिचा वरिष्ठ. सगळे त्याला दादा म्हणायचे. तिला काम त्यानंच शिकवलं होतं. एका दुपारी कापडाच्या गोदामाला आग लागली. आग विझली, सगळे परतले आणि दादा जिन्यावरच छातीला हात लावून बसला. त्याला या खोलीत आणलं, खाटेवर ठेवलं. दवाखान्याची गाडी निघाली होती, पण वाटेत होती. सिस्टरांनी माझा पट्टा त्याच्या दंडाला बांधला. हवा भरली, सोडली. पारा उतरत गेला, ठोका सत्तरवर लागला. पुन्हा भरली. पारा उतरला, ठोका पन्नासवर. पुन्हा भरली. पारा उतरत उतरत शून्यावर आला आणि सिस्टरांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा भरली. शिडीताई दादाचं हेल्मेट पोटाशी धरून दारात उभी होती. दादाच्या चेहऱ्याकडे बघायचं धैर्य तिला झालं नसावं. ती माझ्या नळीकडे बघत होती. पारा शून्यावर येताना तिनं चार वेळा पाहिला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर हजर होती. रडली नाही. "दादाला रजा घेतलेली आवडायची नाही," म्हणाली आणि शिडीला तेल घातलं.

मी त्या दिवशी तिथे होतो, मित्रांनो. सगळं माझ्यासमोर घडलं. तरी दोन गोष्टी मी कधी जोडल्या नाहीत. पण तिनंही जोडल्या नव्हत्या.

अंगणात शिडीताई खुर्चीत वाकली होती. "मला श्वास घेता येत नाहीये," ती म्हणाली. "बोटांना मुंग्या येतायत. डॉक्टर, हार्ट अटॅक आहे का?"

"नाही. श्वास घेता येतोय, जास्तच घेताय. सोडा. लांब सोडा. माझ्याबरोबर. घेताना चार, सोडताना सहा." डॉक्टरांनी तिचा हात धरला आणि मोजत राहिल्या. बऱ्याच वेळानं खांदे खाली आले.

मग डॉक्टरांनी सांगितलं, ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवायचा प्रयत्न केला आहे. मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाच्या आकाराचा एकेक पुंजका असतो. धोका ओळखणं हे त्याचं काम. डोळ्यांनी पाहिलेलं तिथे आडवाटेनं, फार लवकर पोचतं. विचार करणाऱ्या भागाला पत्ता लागायच्या आतच तो बदाम मेंदूच्या बुडाकडे निरोप धाडतो. तिथून हृदयाची गती, रक्ताचा दाब आणि श्वास या तिन्हींचा कारभार चालतो. निरोप गेला की हृदय धावतं, बारीक रक्तवाहिन्या आवळतात, श्वास उथळ होतो. पळायची किंवा झुंजायची तयारी. आणि हा बदाम एकदा घेतलेला धडा सहजी विसरत नाही.

"तुम्ही विसरलात, पण तो नाही विसरला," डॉक्टर म्हणाल्या. "पारा उतरतो म्हणजे माणूस जातो, एवढंच त्यानं त्या दिवशी शिकून ठेवलं. खोली तीच, म्हणून नव्या यंत्रावरही आकडा थोडा चढला."

"म्हणजे मी घाबरत नाही म्हणत होते, ते खोटं?"

"नाही, ते खरं. आणि यंत्र सांगत होतं, तेही खरं."

दोन्ही खरं! मला आळातून सोडवलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण झाला तो आणखी गोंधळ. एका माणसात दोन खरी उत्तरं असतील, तर माझ्या रेघा कुठल्यासाठी आखल्या होत्या?

उपाय म्हणून डॉक्टरांनी जे सांगितलं, ते मला आधी विचित्रच वाटलं. शिडीताईनं माझ्याशी ओळख करून घ्यायची. पहिल्या दिवशी मी झाकण लावून तिच्या मांडीवर होतो. चावरं मांजर धरावं तशी ती मला बेतानं धरून बसली होती. दुसऱ्या आठवड्यात झाकण उघडलं. मग तिनं माझा पट्टा गुंडाळलेल्या टॉवेलला बांधला आणि स्वतः फुगा दाबला. पारा उतरताना बघायचं आणि श्वास लांब सोडायचा.

"हृदयाला हुकूम देता येत नाही," डॉक्टर म्हणायच्या, "रक्तवाहिन्यांना देता येत नाही. तिघांत श्वास तेवढा आपलं ऐकतो. म्हणून त्याला धरायचं, म्हणजे बाकीचे दोघे मागून येतात."

टॉवेलनंतर सिस्टरांनी स्वतःचा दंड दिला. "बघ बाई, मी जिवंत आहे का," असं म्हणाल्या. पहिल्यांदा ठोका ऐकू आला तेव्हा शिडीताई दचकली, मग हसली आणि हसता हसता रडायला लागली. दादा गेल्यानंतर ती रडलेली मी पहिल्यांदाच पाहिली. सिस्टर पट्टा दंडाला तसाच ठेवून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

सगळं सुरळीत झालं, असं समजू नका. तिचा स्वतःचा आकडा एकशे अठ्ठावन्न झाला, मग एकशे अठ्ठेचाळीस, मग एके दिवशी काही कारण नसताना पुन्हा एकशे अडुसष्ट. ती चिडून उठून गेली. तीन महिने संपत आले, तेव्हा माझ्यावर तो एकशे बेचाळीसला पोचला होता. डॉक्टरांनी साहेबांना कागद दिला, की ताईचं प्रेशर ठीक आहे, शिडीवर चढायला हरकत नाही.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "सत्तर-ऐंशी फुटांवर ही घाबरत नाही आणि या डब्याला घाबरते?"

"हो."

"मला हे काही कळत नाही हो, डॉक्टर."

"मलाही सगळं कळतं असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण आकडे हे आहेत." साहेबांनी डोकं खाजवत सही केली.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, भर दुपारी, केंद्रामागच्या इमारतीत आग लागली. शिडीताईनं चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून एका बाईला उतरवलं. भाजलेली नव्हती, धूरही फारसा लागला नव्हता. पण ती उभी राहीना. दवाखान्याची गाडी दुसऱ्या जखमींना घेऊन गेली होती, म्हणून तिला या खोलीत आणलं. सिस्टर एका जवानाच्या हातावर पट्टी बांधत होत्या, नवं यंत्र गाडीबरोबर गेलं होतं. ती बाई खाटेवर धापा टाकत होती, बोटं वाकडी झाली होती. "मी मरतेय," ती म्हणत होती. "मी मरतेय हो."

खाट तीच. सिस्टरांनी मागे न बघता विचारलं, "ताई, मोजशील?"

शिडीताई क्षणभर दारात उभी राहिली. मग आत आली, माझं झाकण उघडलं आणि माझी नळी स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवली.

"मरत नाही तुम्ही," ती म्हणाली. "भीतीनं श्वास पळतोय तुमचा. माझाही पळायचा. सोडा, लांब सोडा, माझ्याबरोबर."

तिनं हवा भरली आणि सोडू लागली. पारा उतरू लागला. दोनशे, एकशे नव्वद, एकशे ऐंशी. शिडीताईची नजर त्याच्यावरून हलली नाही. एकशे बहात्तरवर तिचे डोळे भरून आले.

"ऐकू येतंय," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. "ठोके ऐकू येतायत."

पंधरा मिनिटांनी त्या बाईचा आकडा एकशे बत्तीस झाला आणि तिनं पाणी मागितलं.

मित्रांनो, आता माझे दिवस भरले आहेत. पारा विषारी असतो, म्हणून माझ्यासारखी यंत्रं सगळीकडून गोळा करून नेतात. उद्या मला न्यायला माणूस येणार आहे. तुमच्या घरी, दवाखान्यात माझा एखादा भाऊबंद असेल, तर खेळायला म्हणून त्याची नळी फोडू नका, पाऱ्याला हात लावू नका. त्याला नीट बंद करून जाणत्या माणसाकडे सोपवा. आणि आणखी एक मागणं आहे. कुणी 'मी घाबरत नाही' म्हणत असेल आणि त्याचे हात मात्र गार पडले असतील, तर त्याला खोटारडा ठरवू नका. त्याला भित्राही म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याचा श्वास लांब होईपर्यंत थांबा.

एक गोष्ट मात्र मला कधीच कळणार नाही. त्या दुपारी माझा पट्टा त्या अनोळखी बाईच्या दंडाला होता. शिडीताईचा आकडा त्या वेळी किती होता, ते कुणी मोजलंच नाही. मला विचाराल तर तो चांगलाच चढलेला असणार. पण फुग्यावरचा तिचा हात जराही हलत नव्हता.